बंद कॉम्प्युटरमधली कणगी



आज बोलायचं आहे ते अडगळीतल्या एका वस्तूबद्दल. महिला मंडळाच्या खोलीत, शाळेच्या कपाटावर, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, नाहीतर मुलगा शहरात नोकरीला गेल्यावर त्याच्या रिकाम्या खोलीत ती पडलेली असते. जुना, बंद पडलेला कॉम्प्युटर. अंगावर चादर, चादरीवर उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. कोणी विचारलं तर उत्तर एकच, "तो गेला." गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे बहुतेक वेळा कोणी पाहिलेलंच नसतं.

कॉम्प्युटर म्हणजे एक वस्तू नाही. घरासारखाच त्याचा संसार असतो. वीज आत घेणारा डबा वेगळा, सगळ्यांना जोडणारी मोठी पाटी वेगळी, गरम झाल्यावर वारा घालणारा पंखा वेगळा. यातलं काहीही बिघडलं की पडदा काळा राहतो. पण आपण लिहिलेलं, टिपलेलं, रेकॉर्ड केलेलं सगळं राहतं ते एका चपट्या धातूच्या पेटीत, ती हार्ड डिस्क. चूल विझली म्हणून कणगीतलं धान्य संपत नाही, तसंच हे आहे. कणगी उचलून शेजारणीच्या घरात नेली की तिच्या चुलीवर भाकरी होते. जुनी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या, चालू कॉम्प्युटरला जोडायची आणि आतलं काढून घ्यायचं, एवढंच ते काम. पण या एवढ्याशा कामामागे मोठा इतिहास आहे, आणि आपल्या आयाबायांचा त्यातला वाटाही मोठा आहे.

मी भाईंदरची. आमचं मिरा-भाईंदर आता शहर म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ही गावंच. उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही समुद्रकाठची. राई, मुर्धा, मोर्वा ही मिठागरांच्या बाजूची. नवघर, काशी, घोडबंदर आतली. १९८५ साली गावं एकत्र करून नगर परिषद झाली, २००२ साली महापालिका. २००१ च्या जनगणनेत वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत एवढी माणसं वाढली की गावाची बोली, गाणी, रीतिरिवाज सगळं गर्दीत दडपून जातं. आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही असं मानणारी घरं अजून आहेत. हे धवले तिने कोणत्या पुस्तकातून पाठ केलेले नसतात, ते तिला आईकडून, आत्याकडून, सासूकडून आलेले असतात. कॅसेटचा जमाना आला तेव्हा लग्नाच्या शूटिंगमध्ये ते थोडेफार उतरले. पुढे शूटिंगवाल्यांनी कॅसेट सोडून कॉम्प्युटर घेतला आणि ते आवाज हार्ड डिस्कवर गेले. मग तो कॉम्प्युटर बंद पडला. हे आमच्याच भागात झालं असं नाही. तुमच्या गावातल्या लग्नाची, भजनाची, पहिल्या महिला ग्रामसभेची टेप कुठे आहे, जरा आठवून बघा.

आता ही हार्ड डिस्क आली कुठून ते पाहू.

१९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क असलेलं यंत्र विकायला काढलं. तिच्यात एकावर एक ५० तबकड्या होत्या, प्रत्येकीची रुंदी २४ इंच, म्हणजे आपल्या मोठ्या परातीएवढी. सगळं धूड दोन कपाटांएवढं, वजन टनाच्या घरात. आणि मावायचं किती? सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाईलवर काढलेला एखादा चांगला फोटो जेवढी जागा खातो, तेवढंच. १९८० साली सीगेट कंपनीने साधारण तेवढाच साठा सव्वापाच इंची डिस्कमध्ये बसवला, आणि तिथून ती टेबलावरच्या कॉम्प्युटरात येऊन बसली.

आत काय असतं? गुळगुळीत तबकड्या आणि त्यांच्यावरून सरकणारा एक बारीक हात. जुन्या ग्रामोफोनसारखं दिसतं, पण ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, ही टेकत नाही. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि त्या वाऱ्यावर हाताचं टोक पृष्ठभागाच्या किंचित वर तरंगत राहतं. मधली फट इतकी बारीक की आपल्या डोक्याचा केस तिच्यापुढे डोंगर वाटावा. धुळीचा कण आत गेला तर तो त्या फटीत दगडासारखा अडकतो. म्हणूनच हार्ड डिस्क घरी उघडायची नसते. दुकानातला मुलगा "स्क्रू काढून बघतो" म्हणाला, तर त्याला कॉम्प्युटरचे स्क्रू काढू द्या, डिस्कचे नाही.

या फिरत्या तबकड्यांवर लिहिलेलं किती चिवट असतं, याची एक खरी हकीकत सांगते. कल्पना चावला आपल्याला ठाऊक आहे. हरयाणातल्या कर्नालची मुलगी. १६ जानेवारी २००३ ला ती कोलंबिया यानातून दुसऱ्यांदा अंतराळात गेली, आणि १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर ते यान अमेरिकेच्या टेक्सास राज्यावर फुटलं. सातही जण गेले. त्या यानात एका प्रयोगाची माहिती साठवलेली हार्ड डिस्क होती. काही माहिती यान वर असतानाच जमिनीवर पाठवली होती, बाकीची त्या डिस्कवरच होती. सहा महिन्यांनी, आटलेल्या तलावाच्या तळाशी, कोळसा झालेल्या एका डब्यात ती सापडली. प्लास्टिक वितळलेलं, धूळ अडवणारं आवरण जळालेलं, आत माती. पाहणाऱ्याला भंगारच वाटलं असतं.

ती मिनेसोटातल्या एका कंपनीकडे गेली. तिथल्या कारागिरांनी तबकड्या काढल्या, रसायनाने धुतल्या आणि तशाच प्रकारच्या नव्या डिस्कमध्ये बसवल्या. दोन दिवसांत आतली ९९ टक्के माहिती हाती आली. तबकडीच्या काही भागाला इजा झाली होती, पण डिस्क अर्धीच भरलेली होती आणि तो कॉम्प्युटर जुन्या डॉस पद्धतीवर चालणारा असल्याने लिखाण विखुरलेलं नव्हतं, एका जागी सलग होतं. जळालेल्या भागात नेमकं काही लिहिलेलंच नव्हतं. त्या माहितीवरून शास्त्रज्ञांनी २००८ साली आपला निबंध छापला. माणसं गेली ती गेलीच. पण अंतराळातले ते दिवस ज्या कामासाठी घालवले होते, त्यातलं एक काम पूर्ण झालं.

आपल्या अडगळीतली डिस्क आकाशातून पडलेली नसते. तिच्या भोवतालचा कॉम्प्युटर तेवढा मेलेला असतो. त्यामुळे दहातल्या बऱ्याच वेळा साधं काम पुरतं.

ते साधं काम असं. जुन्या मोठ्या कॉम्प्युटरच्या डिस्कला पाठीमागे रुंद, चपटी, ४० टोकांची जागा असते. तिला आयडीई म्हणतात. २००३ नंतर हळूहळू अरुंद जोडणी आली, ती साटा. दोन्हीसाठी दुकानात एक जोडतार मिळते. तिचं एक टोक डिस्कला आणि दुसरं टोक पेन ड्राइव्ह लावतो तिथे लागतं. मोठ्या डिस्कला स्वतःची वीज लागते, म्हणून जोडतारेबरोबर वेगळा चार्जर आहे ना ते विचारून घ्या. लॅपटॉपची छोटी डिस्क त्या तारेतूनच वीज घेते. पूर्वी ही तार नव्हती तेव्हा दुसरा कॉम्प्युटर उघडून डिस्क आत जोडावी लागे, आणि पाठीवरची एक चिमुकली पिन सरकवून "तू मोठी, ती धाकटी" असं ठरवावं लागे. इंग्रजीत त्या जागांची नावं मालक आणि गुलाम अशी होती. जावाजावांच्या घरात राहिलेल्या बाईला त्याचं नवल वाटणार नाही.

जोडल्यावर पडद्यावर बहुतेक वेळा एक नवं घर दिसतं आणि आत आपली कप्प्याकप्प्याची नावं. जुन्या एक्सपी कॉम्प्युटरमध्ये आपल्या फायली "डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज" नावाच्या कप्प्यात असतात, त्यानंतरच्यांत "युजर्स" मध्ये. गटाचा हिशोब टॅलीत असेल तर एखादी फाईल उचलून भागत नाही, टॅलीचा अख्खा डेटा कप्पा घ्यावा लागतो. कधी "परवानगी नाही" असं लिहून येतं. घाबरायचं नाही. जुन्या कॉम्प्युटरने आपल्या मालकाचं नाव त्यावर लिहून ठेवलेलं असतं, कारागीर ते बदलून देतो. मात्र डिस्कला कुलूप लावणारी बिटलॉकरसारखी सोय चालू असेल, तर ४८ आकडी किल्ली लागते, आणि ती नसेल तर कोणाचंच काही चालत नाही.

आणि एका प्रश्नाला हमखास "नाही" म्हणायचं. डिस्क थोडी बिघडलेली असली की कॉम्प्युटर विचारतो, "ही वापरण्याआधी फॉर्मॅट करायची का?" प्रश्न मोठा साळसूद असतो. पण त्याचा अर्थ "कणगी झाडून रिकामी करू का?" असा आहे. घाईत "हो" दाबलेल्या एका बोटाने वर्षांचं काम जातं.

अगदीच गेलं असंही नाही म्हणा. कारण पुसणं म्हणजे काय, तेही मजेशीर आहे. कॉम्प्युटर फाईल पुसतो तेव्हा तो धान्य फेकत नाही, फक्त नोंदवहीतून नाव खोडतो. रेशनकार्डावरून नाव गेलं म्हणून माणूस मरत नाही, तसंच. धान्य जागच्या जागी असतं, फक्त त्या जागेवर आता दुसरं भरायला मोकळीक झालेली असते. म्हणून चुकून पुसलं गेलं की त्या डिस्कवर पुढे काहीही लिहायचं नाही. एक गाणंसुद्धा डाउनलोड करायचं नाही. टेस्टडिस्क आणि फोटोरेक नावाची दोन साधनं आहेत, ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थांनी केलेली आणि फुकट मिळणारी. पहिलं हरवलेली नोंदवही दुरुस्त करतं. दुसरं नोंदवही बाजूला ठेवून थेट कणग्या चाचपतं: हा फोटो दिसतोय, हे गाणं दिसतंय, असं एकेक ओळखून बाहेर काढतं. सापडलेलं त्याच डिस्कवर ठेवायचं नाही, दुसरीकडे ठेवायचं.

नव्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकड्या नसतात, एसएसडी असते. तिच्यात पुसलेलं बहुधा लवकर आणि कायमचं जातं. तिच्याबाबत आशा कमी ठेवा.

डिस्क कटकट आवाज करत असेल तर लगेच बंद करा. तो हात तबकडीवर आपटत असण्याची शक्यता असते, आणि जितका वेळ चालू ठेवाल तितकी खरवड वाढत जाते. अशी डिस्क मोठ्या शहरातल्या खास कारागिरांचं काम. ते महाग असतं, म्हणून आधी ठरवा की आत खरंच काय आहे.

पाण्याचंही सांगते, कारण आमच्याकडे तो धडा मोठा मिळाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिरा रोड, भाईंदरच्या तळमजल्यांतही पाणी शिरलं. तळमजल्यावर काय असतं? दुकानं, दवाखाने, क्लास, झेरॉक्सवाले, फोटो स्टुडिओ. म्हणजे नेमकी कागद आणि कॉम्प्युटरची जागा. पाणी ओसरल्यावर माणसांनी आपल्या समजुतीने डिस्क उन्हात ठेवल्या, केस वाळवायच्या यंत्राने सुकवल्या, आणि चालू करून पाहिल्या. पाण्यातून निघालेली डिस्क चालू करायचीच नाही. सुकवायचीही नाही. भांड्याला लागलेलं पीठ ओलं असताना हाताने निघतं, वाळलं की खरवडावं लागतं. डिस्कवरच्या गाळाचं तेच. ओलसर फडक्यात, पिशवीत बंद करून तशीच जाणत्या कारागिराकडे न्यायची. तांदळात पुरून ठेवण्याचा मोबाईलचा उपाय इथे कामाचा नाही.

समजा, सगळं सुरळीत झालं. डिस्क जोडली, फाईल दिसली, उघडली. आणि पडद्यावर आलं काय, तर इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि प्रश्नचिन्हांचा खच. अनेक जणी इथे हात टेकतात, म्हणतात, "फाईल खराब झाली." बहुधा झालेली नसते. ही आपली, मराठी माणसांची खास अडचण आहे.

कॉम्प्युटरवर मराठी आणायचं मोठं काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत झालं. ती १९८८ साली स्थापन झाली. पुढे तिचं आयएसएम आलं, खासगी कंपन्यांची श्रीलिपी, आकृती आली. गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका, पतपेढीची पत्रकं त्यावर केली. पण प्रत्येकाने अक्षरांना आपापले आकडे दिले होते. एकाकडे "क" ज्या आकड्याला, दुसऱ्याकडे तिथे वेलांटी. ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल, तर मजकूर परका होतो. युनिकोड या जगभरच्या एकाच मोजमापात देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे छपाईच्या कामात जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालले, अजूनही चालतात. उपाय अवघड नाही. फाईल कोणत्या फॉन्टमधली ते शोधायचं आणि त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन वापरायचं. छपाई करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा. मजकुराकडे एक नजर टाकून तो फॉन्टचं नाव सांगतो.

वस्तू हाती आहे पण वाचता येत नाही, हे महाराष्ट्राला नवं नाही. आमच्याच उत्तनजवळ, चौक गावाच्या वर, धारावीचा किल्ला आहे. मुंबईची धारावी नव्हे, ही खाडीच्या तोंडावरची. समोर वसई. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या वर्षांत, या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज हातघाईवर आले होते. १७३९ च्या मार्चमध्ये धारावी मराठ्यांकडे आली, मे महिन्यात वसई. त्या मोहिमेची पत्रं पुण्याच्या पेशवे दफ्तरात होती, कापडात बांधलेल्या रुमालांत. जळाली नव्हती, हरवली नव्हती. पण ती मोडीत होती, आणि हजारो रुमालांत नेमकं काय कुठे आहे हे सांगणारी यादी कोणाच्या हाती नव्हती. गो. स. सरदेसाई यांनी मदतनीस घेऊन ते रुमाल सोडले, मोडी वाचली, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड देवनागरीत छापले. वसईच्या मोहिमेची पत्रं त्यात आहेत. आज आमच्या शाळेतली मुलगी धारावीच्या लढाईवर निबंध लिहू शकते, ती त्या नक्कलकामामुळे. हेही जुन्या पेटीतून नव्या पेटीत काढणंच होतं.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तरल्या अशी आपली श्रद्धा. त्याच्याच जोडीने वारकरी हेही सांगतात की अभंग लोकांच्या मुखात होते आणि संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले होते. बहिणाबाई चौधरींची गाणी तर आपल्या हाती थोडक्यात आली. त्या असोद्याच्या, लिहिणं-वाचणं शिकलेल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर जे सुचायचं ते घरातल्या मुलांनी, सोपानदेवांनी वहीत टिपलं. १९५१ साली त्या गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ साली पुस्तक आलं. वही कोणाला मिळाली नसती तर? तसं कितीतरी जणींचं झालं असणार, त्यांची नावंही आपल्याला सांगता येणार नाहीत.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, त्या जात्यावरच्या ओव्यांकडे येते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ असे दोन अभ्यासक होते. गी मूळचे फ्रान्सचे, १९७२ साली इथे आले आणि इथलेच झाले. १९८० च्या दशकात डोंगरी भागातल्या बायांबरोबर संघटनेचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बाई सभेत गप्प बसते, पण जात्यावर बसली की बोलते. नवरा, सासू, सावत्रपण, भाऊ, लेक, सीता, विठ्ठल, आंबेडकर, सगळ्याबद्दल बोलते. मग गावोगावच्या बायांनी, कार्यकर्त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे अभ्यासक येऊन मिळाले. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. ओव्या कॉम्प्युटरवर चढल्या, प्रत्येकीला विषय, गाव, गाणारीचं नाव जोडलं गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कॉम्प्युटर म्हातारे होतात, माणसंही. २००४ साली गी गेले, २०१० साली हेमाताई. असं काम ज्यांच्या जिवावर उभं असतं ती माणसं गेली की पुढे काय होतं, हे आपण संस्थांत पाहतो: कपाटाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते माहीत नाही. इथे तसं झालं नाही. बेल यांनी त्या साठ्याच्या प्रती जपल्या, संशोधकांच्या संग्रहांत ठेवल्या. पुढे हा सगळा ठेवा पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला. नमिता वाईकर यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि मूळ कामात असलेले जितेंद्र मैड, आशा ओगले, रजनी खळदकर पुन्हा त्यात उतरले. आज मोबाईलवर "जात्यावरच्या ओव्या" शोधलंत तर त्या वाचता येतात, ऐकताही येतात.

त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. त्यांचा आवाज १९९० च्या दशकात टिपला गेला. 'पारी'ची माणसं पुढे गावांत गेली तोवर गंगूबाई हयात नव्हत्या. आवाज होता. मुळशीतल्या गावांत मात्र गाणाऱ्या काही जणी भेटल्या, वीस वर्षांनी मोठ्या झालेल्या, आणि त्यांनी पुन्हा गायलं. मला या कामात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव आहे. "एक ग्रामीण महिला" असं लिहून भागवलेलं नाही.

आता आपल्या गटाकडे या. जुनी डिस्क दुकानात नेताना एकटीने जाऊ नका, दोघी जा. डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टी लावून कोणाची, कोणत्या साली बंद पडली, आत काय असावं, ते लिहा. कारागिराला आधीच सांगा: फॉर्मॅट करायचं नाही, डिस्कवर काही लिहायचं नाही, आधी पूर्ण नक्कल काढायची आणि शोधाशोध त्या नकलेत करायची. जमलं तर समोर बसून करून घ्या, कारण आत घरचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात, कोणाच्या तरी भांडणाच्या अर्जाची नक्कल असते. मिळालेलं दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकाच आगीत जाणारी दोन पोती. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा चौथ्या, पाचव्या, सहाव्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. ज्यांची दुसरी प्रत जिल्ह्याला किंवा दुसऱ्या कचेरीत होती, त्या पुन्हा उभ्या करता आल्या.

आणि काम झाल्यावर जुनी डिस्क भंगारवाल्याच्या हातगाडीवर तशीच टाकू नका. मघाशी सांगितलं, पुसलेलं पुसलेलं नसतं. आपल्याला जे काढता येतं ते दुसऱ्यालाही काढता येतं. मुलीबाळींचे फोटो, आधारच्या प्रती त्यात असतात. पूर्ण नव्याने शून्य भरून घ्या, नाहीतर फोडून टाका आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एक काम मात्र कोणत्याच दुकानात होत नाही. फोटोरेकने काढलेल्या फायलींना त्यांची जुनी नावं उरलेली नसतात. नोंदवही गेलेली असते ना! प्रत्येक फाईल "एफ" आणि पुढे सात आकडे अशा नावाने येते. शेकडो फोटो, दोनशे-तीनशे आवाज, सगळ्यांना आकडेच. कोणाचा आवाज, कोणाचं लग्न, मागे उभी असलेली हिरव्या लुगड्यातली कोण, हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. त्यासाठी गटातल्या म्हाताऱ्या बायांना बोलवावं लागतं. एका दुपारी चहा ठेवायचा, एकेक फाईल वाजवायची, आणि शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीला शेजारी वही घेऊन बसवायचं. "ही नव्हे गं, ही तिची जाऊ. माहेरची पालीची होती," असं कोणी म्हणालं की तेही लिहून घ्यायचं.